दव पडायच्या आत

या आठवड्यात लाइन रात्रीची.
बारा ते आठ, थ्री-फेज.
लोक चण्याच्या ओलिताला जातात
कानाला दुपट्टा बांधून, हातात बॅटरी;
मी सांदवाडीत कॉम्प्रेसर लावतो,
रज्जाकच्या पंक्चरच्या दुकानातला,
सकाळी शटर उघडायच्या आत परत करायच्या बोलीवर.

रेती दोन दिवस टिनावर वाळवली.
ओली रेती नळीत बसून राहते
मांडवात रुसलेल्या जावयासारखी.
मग पिठाच्या चाळणीनं चाळली.
सिंधू म्हणाली, "आता पोयीसंगं वर्धा नदी खाजा."
बुधवारच्या बाजारातून नवी आणतो म्हटलं.
तीन बुधवार झाले.

तोंडाला मास्क, वर दुपट्टा, वर हेल्मेट.
ही धूळ छातीत गेली की निघत नाही,
हे खदानीत राबलेल्या माझ्या मामानं
पुष्कळ वर्षं खोकून सांगितलं आहे.

ट्रॅक्टर भंगारातून किलोनं घेतला.
चौदाशे किलो भरला, चाकं सोडून.
काहून घेतला, हे अख्खं गाव विचारून बसलं.

पहिलं सीट. पत्र्याचं, भोकाभोकाचं,
कितीतरी ड्रायव्हरांच्या बुडांनी खोल केलेलं.
घोडा दाबला की नळी एकदम किंचाळते,
गल्लीतली कुत्री आधी उत्तर देतात, मग कंटाळतात.
तांबडं उडतं, खाली करडं निघतं.
एवढंच काम आहे हे.
तांबडं उडतं, खाली करडं निघतं,
आणि थांब म्हटलं तरी हात थांबत नाही.

आमच्याकडं पातेल्यालाही गंज म्हणतात.
तीन वाजता सिंधू गंजभर चहा घेऊन आली,
ड्रॉबारवर बॅटरी मारून म्हणाली,
"एवढ्यात माये सारे गंज घासून झाले असते."

मग पुढचा आक्सल.
डावीकडच्या कोपऱ्यात रेती सरकत गेली
आणि तांबड्याखालून शिवण निघाली,
वेल्डिंगची, चार बोटं लांब,
मासोळीच्या खवल्यासारखी एकावर एक.
मी बंदूक मागं घेतली. हवा कमी केली.
जिथं बसून ही जोडावी लागली असेल
तिथं बसून पाहिलं:
खवले उलटे. उजवीकडून डावीकडं.

गुलाब मेश्राम.
आमच्या पंचक्रोशीत डावखुरा वेल्डर एकच.
शाळेत त्या हातावर छड्या खाल्लेला,
म्हणून लिहिणं सोडलं, जोडणं धरलं.
बिल कधी दिलं नाही, सही कुठं केली नाही.
जाऊन नऊ वर्षं झाली.
म्हणायचा, "जोडल्या जागी तुटत नाई बापा,
तुटलं तं बाजूले तुटते."

मी हेल्मेट काढून जवळून पाहिलं.
शिवण जशीच्या तशी.
बाजूला केसाएवढी भेग.

पाच वाजले तसं दव उतरायला लागलं.
उघडं लोखंड सकाळची वाट पाहत नाही,
दव लागलं की लगेच धरतं.
डबा फोडला. रेड ऑक्साइड.
रात्रभर तांबडं काढलं अन् आता तांबडंच लावायचं,
यावर सिंधू इतकी हसली
की बॅटरीचा उजेड हलायला लागला.
ब्रश एक. दुसऱ्या बाजूनं तिनं
माझ्या जुन्या बनियनचा बोळा घेतला
आणि ओसरी सारवावी तसा रंग सारवला.

शिवणीवर रंग लावला नाही.
बोटानं ग्रीस लावलं, पातळ,
खवले दिसत राहतील एवढंच.

सात वाजता रज्जाक स्वतः आला,
हवा विचारायच्या आधी आक्सल पाहिला,
शिवणीपाशी वाकला, काही बोलला नाही,
कॉम्प्रेसर ढकलत निघाला.

मग लक्षात आलं, सीट राहिलं.
सगळ्यात आधी साफ केलेलं,
कोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेलं.
त्यावर कुणी हळदीचा हात फिरवावा
इतकं पिवळं चढलं होतं.
बारा वाजता लाइन आली की
परत तिथूनच.