उरलेला अंश

अंगावरचं लोखंड बोटीतच काढून ठेवायचं,
हा बोगुमिलचा पहिला धडा.
किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, केसांतली पिन,
सगळं ॲल्युमिनियमच्या डब्यात.
(ब्राची तार माझी मला सुचली,
तो बोलला नसता.)
स्वतः पँट सुतळीनं बांधून उभा होता
ग्दिनियाच्या धक्क्यावर,
बासष्टाव्या वर्षी, थाटात.

त्याला सात वर्षं झाली.
आम्ही जहाजांची होकायंत्रं दुरुस्त करतो.
लोकांना वाटतं, घड्याळजीसारखं काम.
पण घड्याळ चुकतं ते स्वतःच्या कर्मानं.
इथं वीस हजार टन पोलाद
रात्रंदिवस सुईच्या कानाशी लागलेलं:
इकडे बघ, इकडे बघ.

गोदीत ज्या दिशेला तोंड करून
जहाजाचा कणा मांडला,
त्या दिशेची ओढ पत्र्यात मुरते.
जित्याची खोड म्हणतात, ही तर कधी न जगलेल्याची.
बोगुमिल सुईकडे बघून सांगायचा,
"हे उत्तरेला डोकं करून जन्मलंय,"
आणि कागद काढले की तसंच निघायचं.

मग उपसागरात जहाज गोल फिरवायचं,
हेलच्या दीपगृहावर नजर धरून.
आठ दिशा. प्रत्येक दिशेला सुई स्थिरावेपर्यंत थांबायचं.
टगचं भाडं चढत असतं,
कप्तान मिनिटं मोजत असतो,
चीफ मेट रोमुआल्दो पडद्याकडे अंगठा करतो:
उपग्रह आहेत की वर, आजोबा.
बोगुमिल उत्तर देत नसे.
त्याला ऐकूच येत नसे.
तरुणपणी इंजिनखोलीत होता,
कान तिथंच ठेवून आला.

या फेब्रुवारीत त्याच्या कानामागे, हाडात,
डॉक्टरांनी एक यंत्र बसवलं.
मग महिनाभर फोनवर एकच:
किटली ऐकली. जिन्यावर नात ऐकली.
सीगल इतके भांडखोर असतात हे
विसरलोच होतो, हाल्श्का.

एप्रिलात, गव्हाच्या त्या जहाजावर,
सुई चार अंश चळली.
त्यानं खणातले चुंबक सरकवले.
पुन्हा वाकला. आता पाच, उलट बाजूला.
लोखंडी गोळे हलवले. पुसलं. शिवी घातली.
मी दोन पावलं मागे उभी होते, म्हणून मला दिसलं:
तो डावीकडून वाकला की सुई डावीकडे,
उजवीकडून वाकला की उजवीकडे,
घरच्या माणसाकडे मान वळवणाऱ्या
मांजरासारखी.

कसं सांगणार?
इतकी वर्षं ओरडून सांगत आले सगळं.
आता कुजबुजले असते तरी
त्याला ऐकू गेलं असतं.

सांगावं लागलं नाही.
तो ताठ झाला. कानामागची चकती ओढून काढली,
माझ्या हातात ठेवली,
दूर जा म्हणून खूण केली
आणि शांततेत परत एकदा वाकला.
सुई आलीच त्याच्या मागे.
दुसरा अर्धा चुंबक कातडीच्या आत होता.

चकती परत लावून तो चालत गेला
पुलाच्या पार टोकाला, जीवरक्षक कडं टांगलंय तिथं.
कठड्याला पाठ लावली.
"किती?"
मी वाकले. काचेवर माझ्या श्वासाची वाफ.
"पूर्वेला दीड," मी म्हणाले, नेहमीच्या आवाजात.
तो मान हलवून म्हणाला, "खालचा खण. लाल टोक आत."

साडेचार वाजेपर्यंत आम्ही असंच बोलत राहिलो.
मध्ये वारा, मध्ये सीगल, मध्ये रोमुआल्दो,
जो आता पडद्याकडे बघत नव्हता.

शेवटी नैऋत्येला एक अंश उरला.
"काढू?"
"किती वाजले? राहू दे. लिहून ठेव.
सगळीकडे शून्य लिहिणाऱ्याच्या जहाजात
मी बसत नाही."
तक्त्याखाली सही करायला
त्यानं प्लास्टिकचं पेन माझ्याकडे सरकवलं.

परतीच्या बोटीत इंजिनाचा कल्ला.
त्यानं चकती काढून डब्यात टाकली, डोळे मिटले.
धक्का आला तशी मी किल्ल्या उचलल्या,
तर त्यांना चिकटून तीही वर आली.