कॉफी निवायच्या आत

मादाम व्हासेरोंचा पियानो जरासा उतरलेला;
नवरा गेल्यापासून कुणी लावलाच नाही.

ओनोरे काही बोलला नाही.
ओठांत भिजवलेली पट्टी बसवली,
क्लॅरिनेटचा सांधा केसभर बाहेर ओढला,
आणि तिचा सूर
निमूट खाली उतरून पियानोशेजारी बसला.

मी पानं उलटायला.
चीज छोटी, कॉफी निवायच्या आत संपणारी,
लियाँच्या बायकांनी पंखा हलवत ऐकायची.
मधे एका जागी क्लॅरिनेट एकटीच
तळघरात जाते, दिवा न घेता.
तिथे मादामचे हात मांडीवर.
मी पान विसरले.
त्यांना ते पाठच होतं.

टाळ्या. कुणी विचारलं, साखर किती?

"पियानो लावून घेऊ का आता?"
ओनोरे नळीतला ओलावा पुसत राहिला,
बराच वेळ.
"इतक्यात नको."