पानं १८७ ते १९०

कंधारच्या वाचनालयात त्या पुस्तकाला कव्हर नव्हतं.
जिल्द होती, इलाहीच्या अब्बांनी बांधलेली,
सिमेंटच्या पोत्याच्या कागदाची,
आणि आत राजपुत्र तुहिन, त्याचा सोबती कोदंड,
सात दरवाजांचा डोंगर
आणि एक बोलकी विहीर.

भाची पीएच.डी. करते आहे. फोनवर विचारते,
"मामा, हे दोघं नेमके कोण होते एकमेकांचे?"
तिनं पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात.
पान बावन्न : कोदंड त्याचे केस विंचरतो.
पान एकशे सहा : दोघं एका घोंगडीत, बाहेर लांडगे.
पान एकशे चाळीस : तुहिन म्हणतो,
राज्य राहू दे, तू आधी जेव.

देगलूरकर सर असते तर म्हणाले असते, स्वामिनिष्ठा.
(ते सगळ्यालाच स्वामिनिष्ठा म्हणत,
बायकोनं चहा आणला तरी.)
भाची म्हणते, प्रेमच, लेखकाला ते लिहिता आलं नाही.
तिचे गाईड म्हणतात, त्या काळी मित्र असेच असत,
आजचा चष्मा लावू नका.
मी एवढंच सांगतो, आमच्या प्रतीत
एकशे सत्त्याऐंशी ते एकशे नव्वद नव्हतीच.

एकशे शहाऐंशीच्या तळाशी कोदंड गुहेत शिरतो,
पाठीवर तापानं फणफणलेला तुहिन,
आणि वाक्य तुटतं : मग त्यानं हलकेच
एकशे एक्क्याण्णववर थेट सकाळ,
घोड्यांना दाणा.

त्या 'हलकेच'वर आम्ही दोन उन्हाळे काढले.
किल्ल्याचा बुरूज, खाली खंदकाचं हिरवं पाणी,
रुमालात भाकरी अन् येसर.
मी म्हणायचो, हलकेच तलवार उपसली.
"गुहेत कोण हाय बे, तलवार कामून?"
तो म्हणायचा, हलकेच कपाळावर ओला हात ठेवला.
दुसऱ्या दिवशी, हलकेच रडला.
त्याच्याकडं रोज नवं हलकेच असायचं.

मग त्याच बुरुजावरून मी घसरलो, घोटा मोडला.
त्यानं मला पाठीवर घेतलं,
बाजारचा दिवस, मिरच्यांच्या ढिगांमधून.
"काय करुलालाव रे?" कुणीतरी ओरडलं,
आणि पुन्हा तराजूकडं वळलं.
त्याच्या मानेला खळीचा वास होता.
अजून कुठलंही पुस्तक उघडलं
की मी आधी वास घेतो.

तो निजामाबादला गेला, छापखान्यात.
त्याची चार कार्डं आली.
पाचवं मी लिहायचं होतं.

काल भाचीनं कुठल्याशा संग्रहातून
त्या पानांचे फोटो पाठवले.
"पुरावा म्हणता येणार नाही मामा, पण वाच."
हलकेच त्यानं तुहिनच्या पायातली वहाण काढली
आणि रात्रभर तिचा तुटका अंगठा शिवत बसला.
चार पानं.
सुई, दोरा, मेण,
मधूनच एखादं लाकूड आगीत सारणं.
दोघांत एक शब्द नाही.

इलाहीला हे सुचलं नव्हतं.
जिल्दसाजाचा पोरगा,
आणि शिवणं सुचलं नाही!
हसू आलं. मग नाही आलं.

भाचीला लिहिलं :
तू म्हणतेस तसंही असेल.
पुसलं.
मग लिहिलं :
निजामाबादचे जुने छापखाने
फोनवर शोधता येतात का गं?