शेवटची बांधी

झिबलजी गहाणे टेबलावर उताणे आहेत.
पित्ताशयात सात खडे,
पायाच्या बोटांत रोवणीच्या चिखल्या.
सिस्टर हातझाडेंनी तीनदा घासलं
तरी नखांच्या कडेला काळी रेघ उरलीच.

काल वॉर्डात मी त्यांना सांगायला गेले
गुंगी कशी देतात, नळी कुठे घालतात.
ते ऐकून घेतलं त्यांनी आणि मग
स्वतःचंच काम मला समजावत बसले,
चौतीस वर्षं तलावाचं पाणी वाटल्याचं.
"तराव भरला म्हनजे गाव प्यालं
असं नसते, म्याडम.
तुडूम उघडून घरी गेला तो पानकर नाई.
शेवटच्या बांधीले पोचलं का,
ते पायानं जाऊन पाहा लागते.
रातीबी."

पांढरं औषध, दुधासारखं, शिरेत शिरतं.
आकडे म्हणा, मी म्हणते.
ते आकडे म्हणत नाहीत, बांध्यांची नावं घेतात:
चिचेखालची, खोलगट, बुढीची,
मोहाजवळची, मोहा…

डॉक्टर पंधरे बेंबीपाशी भोक पाडतात, करंगळीएवढं.
वायू भरतो. पोट चढत जातं,
चौदावर थांबतं.
डोक्याकडची बाजू उचलली.
पडद्यावर यकृत, ओल्या जांभळासारखं,
सगळे तिकडेच बघतात.

माझ्या पडद्यावर एकशे अठरा, सत्तर.
हा पाळीवरचा आकडा.

नागपुरात शिकत असताना एकदा
पेनाएवढा कॅमेरा जिभेखाली धरून पाहिलं होतं मी:
केसाहून बारीक वाटा,
त्यांतून एकामागे एक जाणाऱ्या रक्तपेशी,
धुऱ्यावरून घरी निघालेल्या बाया जशा.
मग हेच पांढरं औषध वाढवलं
आणि दाब फारसा न हलता
दोन-तीन वाटा रिकाम्या झाल्या.
एकीत पेशी उभ्याच राहिल्या,
पुढे जावं की मागे.
तो कॅमेरा कुणा कंपनीचा होता, आठ दिवसांनी परत गेला.

इथे माझ्याकडे अंगठा आहे.
झिबलजींचं नख दाबते, सोडते.
पांढरं.
एक, दोन, तीन, चार,
आता कुठे कडेकडून गुलाबी.

कुणामुळे? औषधामुळे, वायूमुळे,
उतरत्या टेबलामुळे,
की त्या एसीमुळे, जो महिन्यातून दोनदाच चालतो
आणि चालतो तेव्हा सूड घेतल्यासारखा?
नख सांगत नाही.

पंपाचा आकडा थोडा खाली आणते.
घोंगडी मागवते, सिस्टरच्या स्वतःच्या कपाटातली.
"सर, दहावर चालेल?"
"मग दिसणार कसं?"
"दिसेल. जरा कमी दिसेल."
पंधरे काही बोलत नाहीत.
वायू सुस्कारत उतरतो.

पुन्हा नख. एक, दोन, ती—

खडे वाटीत पडले. पिवळे, तुरीच्या डाळीएवढे,
एक तेवढा चिंचोक्यासारखा.

चार्टावर रकाने आहेत
दाबाला, नाडीला, प्राणवायूला, लघवीला.
नखाला नाही.
समासात मी पेन्सिलीनं लिहिलं,
नंतर खोडावं की नाही ते ठरेना.

डोळे अर्धे उघडून, घसा खरवडल्या आवाजात
झिबलजी पहिलं काय म्हणाले?
दुखतं का, झालं का, असलं काही नाही.
"मोहाजवळच्या बांधीले," म्हणाले,
आणि पुन्हा झोपले.

संध्याकाळी बसस्टँडवर
मी माझंच नख दाबत उभी होते.
मानव विकासच्या निळ्या बसची वाट बघणाऱ्या पोरीनं विचारलं,
"म्याडम, बोट दुखते का?"
नाही गं, म्हटलं.
पोचतंय का ते पाहते.