व्हिज.

कोठी कचेरीच्या रेकॉर्डखोलीत पंख्याला आवाज आहे, वारा नाही.
जशुभाईंनी बस्ता सोडला,
लाल फडक्यावरची धूळ माझ्याकडेच झटकली, म्हणाले,
"जोवानी छूट छे, बेन. फोटानी नहीं."

वाटणीपत्र. मूळ मोडीत,
मागे टाचलेली इंग्रजी तर्जुम्याची नक्कल,
तिरप्या, घाई नसलेल्या अक्षरात:
मयताचे वारस तीन, व्हिज.,
गुलाबराव, अमृतराव, दौलतराव.

अण्णा इथेच नक्कलनवीस होते.
जेवताना ताटातल्या आमटीत बोट बुडवून पाटावर काढायचे:
हा झेड झेडच नव्हे, बरं का.
कुणी लॅटिन लिहिणारे साधू, थंडीने आखडलेली बोटं,
शब्दाची शेपटी लिहायचा कंटाळा.
मग तिथे एक आकडी मारायचे, इंग्रजी तीनासारखी.
छापणाऱ्याकडे तो खिळा नव्हता,
त्याने झेड बसवून दिला.
आपले मोडीवाले तरी काय करत?
एक रा, पुढे दोन दांड्या,
झाले राजश्री.

पण म्हणजे काय?
म्हणजे म्हणजे, अण्णा म्हणायचे. भात निवून जायचा.
मुळात दोन शब्द, विदेरे, लिसेत.
पाहायला मुभा आहे.

जशुभाई चहा बशीत ओततात.
त्यांना लॅटिन येत नाही.

मुभा आहे, तर पाहते.
मोडीच्या पानावर तीन नावांपुढे
व आणि दोन दांड्या आहेत.
वगैरे.
तर्जुम्यात ते कुठेच नाही. व्हिज.पुढे वगैरे बसत नाही,
तिथे मोजून नावं लागतात.

त्या दोन दांड्यांच्या आत मैनाआत्या राहायची.
सुरसागराकडे खिडकी असलेली एक खोली, मरेपर्यंत,
आणि वीजबिलाचा चौथा हिस्सा.
चौथा.

नक्कलेच्या तळाशी "खरी प्रत", तारीख,
आणि अण्णांची सही. ती वळणदार,
शेवटी शेपूट नसलेली.
समोर असेल तेच उतरवायचं, हा नक्कलनवीसाचा धर्म.
तरी रोज रात्री तो झेड, पाटावर, आमटीने.
मला वाटायचं, शिकवताहेत.

"मळ्युं?" जशुभाई विचारतात.
एक नाव नाही मिळालं, मी सांगते, मराठीतच.
"ए तो एमज होय," ते पंख्याकडे बघत म्हणतात.

मी त्या दोन दांड्यांवर बोट ठेवते.
बोट ठेवायची मुभा आहे का,
ते विचारत नाही.