बंद केल्यानंतर

पहाटे पावणेपाचला शाल्मलीचा फोन,
तापीकाठच्या केंद्रातून. आवाज थंड,
घरी भांडतानाही असाच असायचा.
म्हणाली, बाबा, बंद केलंय. दोन्ही युनिटं.
मी म्हटलं, सुटलो.
ती काही बोलली नाही.
मागे कुणीतरी आकडे वाचत होतं,
पाढे म्हणावेत तसं.

मग म्हणाली,
गॅस बंद केला म्हणून कुकरचं झाकण
लगेच उघडता का तुम्ही?
हा तर महिनोन् महिने निवत नाही.
पाणी फिरत राहायला हवं. पाण्याला पंप, पंपाला वीज,
आणि विजेची तार रात्रीच तुटली.
आमच्यावर नेम नव्हता म्हणे कुणाचाच.
नेम पुलावर होता.

आता डिझेलवर आहोत.
बाबा, तुमचा सगळ्यात भरवशाचा सेट
न थांबता किती चाललाय?

एकतीस वर्षं मी जनरेटर भाड्याने देतो.
प्रतापनगरला घराखालीच गाळा,
'दिघे जनरेटर', पाटीवरचा शेवटचा र गळलाय.
नवरात्रातले गरबे, लग्नं,
पुराच्या साली सयाजी हॉस्पिटलात चार रात्री,
विश्वामित्री रस्त्यावर आली होती तेव्हा, मगरींसकट.
पण मला आठवलं ते अलकापुरीतलं लग्न.
अकराव्या मिनिटाला सेट बसला.
टाकीत राहिलेली चिंधी. बोटभर. माझीच.
अंधारात चारशे माणसं हसली,
कुणी शिट्टी मारली,
मोबाईलच्या उजेडात हार पडले गळ्यात
आणि मुलीच्या काकांनी बिलातून पाचशे कापले.
चिंधीची किंमत
तेव्हा एवढीच होती.

मी सांगितलं, चार दिवस. चार रात्री धर.
फिल्टर बघ. टाकीचा तळ बघ.
नळीत हवा धरली असेल तर काढ.
बघितलं, म्हणाली.
पुन्हा बघ.
बरं, म्हणाली. दप्तर तपास म्हटलं की
म्हणायची, तसलं बरं.
टँकर निघालाय भरूचहून, पण रस्ता...
आणि तिच्या हातातून फोन कुणीतरी मागून घेतला.

सकाळी जिन्यात जागृतीबेन,
खिडक्यांसाठी काळ्या कागदाची सुरळी हातात.
आयोडीनवालं मीठ जरा जास्त खाल्लं तर चालेल ना, भाई?
मी नाही म्हटलं.
वर पोचेपर्यंत वाटत राहिलं,
हो म्हणायला काय हरकत होती.
टीव्हीवर दोन्हीकडचे सांगत होते, गोळा त्यांनी टाकला.
'त्यांनी' म्हणताना दोघांचंही बोट
कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे.

दुपारी पुलावर थांबलो.
खाली चिखलात मगर पडलेली,
जबडा उघडा, हलत नव्हती, पापणीसुद्धा.
एक पोरगा म्हणाला, मरी गयो छे,
आणि कठड्यावरून आणखी वाकला.
बापाने कॉलर धरून त्याला मागे ओढलं,
एक शब्द न बोलता.

आता रात्र. शहर काळं.
सूरसागरातला महादेवही
कुठे उभा आहे कळत नाही.
गच्चीत शाल्मलीची जुनी ओढणी भिजवून
दोरीवर टाकली आहे,
वारा कुठून येतो ते कळायला.
दक्षिणेकडून येतोय.

खाली गाळ्यात जुना सेट चालू करून ठेवलाय.
काही जोडलेलं नाही त्याला, एक बल्बही नाही.
डिझेल वाया जातंय हे मला कळतं,
आज तर थेंबाला भाव आहे.
नऊ तास झाले.
दर तासाला उतरतो, कान लावतो,
तळाशी बॅटरी मारतो, चिंधी नाही ना.

भिंतीपलीकडे सगळे जागे आहेत.
एरवी दहाच्या ठोक्याला ओरडणारे हे लोक,
आज कुणीच म्हणत नाही,
दिघेभाई, बंद करा.