रुंजीच्या नावे सात नाणी

साखर पेठेत, बोधूलांच्या बंद कारखान्यावरच्या खोलीत
आम्ही दर शनिवारी एक जग मांडतो.
टेबल नाही. पॅकिंगचे दोन खोके,
त्यावर सेकंड निघालेली चादर, मोरांची.
एका मोराला डोळा नाही.
चादरीवर फासा वाजत नाही.
वीस बाजूंचा तो फासा नुसता पडतो,
मांजर उडी मारून पडावं तसा.

गोष्ट मी सांगतो, म्हणून राक्षस माझे,
दरवाजे माझे, दरवाजामागचा वास माझा.
त्या रात्री आडोसा न धरता सगळ्यांसमोर टाकला.
वीस.
मग राजेश्वरीनं तिचा, शेवटच्या श्वासाचा.
एक.

तौसिफ म्हणाला, खोका हलला की बे, परत टाक.
हलला नव्हता.
मल्लिनाथनं पाण्याची बाटली उघडली आणि तशीच धरून बसला.
रुंजी, कुलपं उघडणारी, डावखुरी,
पुलाच्या ह्या टोकाला थांबली होती
बाकीचे दोघे पलीकडे जाईस्तोवर.
चार वर्षं. लॉकडाऊनच्या दुसऱ्या महिन्यापासून.
आधी फोनवर, मग ह्या खोलीत.

राजेश्वरीनं तिचा कागद ओढून घेतला.
जिवाचा आकडा लिहायचा चौकोन
खोडरबरानं इतका झिजलेला
की तिथं भोक पडलं होतं.
शून्य लिहायला जागा नव्हती.
भोकातून मोराचा पाय दिसत होता.

नियम तिचाच.
पहिल्या दिवशी खोक्याच्या झाकणावर
तिनंच स्केचपेननं लिहिलं होतं: मेलं ते मेलं.
सिव्हिलमध्ये रात्रपाळी करते ती.
म्हणाली होती, नाहीतर मग भ्यायचं कशाला?
आणि आता गाडीची चावी शोधत,
माझ्याकडे न बघता,
एखादा वैद्य, एखादी मुळी,
काहीच नाही का रे तुझ्या त्या जगात?

होती.
माझ्या वहीत, पान एकोणचाळीसवर, डोंगरापलीकडे,
मीच लिहून ठेवलेली एक म्हातारी होती
जी मेलेल्याला नावानं हाक मारते
आणि ते वळून बघतं.

नाही, म्हणालो.

पुढच्या शनिवारी ती आली नाही.
त्याच्या पुढच्या शनिवारी आली, पाळीवरून थेट,
कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन.
नवा कागद नव्हता.
खेळलो नाही. जेवलो.
मल्लिनाथ मध्येच म्हणाला,
रुंजी हसायची तेव्हा तूच हसायचीस ना,
पण तू अशी कधी हसत नाहीस.
कुणी काही बोललं नाही.
चटणी तिखट होती, ते बरं झालं.

पान एकोणचाळीस मी अजून फाडलेलं नाही.
म्हातारी तिथंच बसून आहे.
दुसऱ्या कुणासाठी तिला बोलवावं
तर राजेश्वरी ओळखेल
की ती तेव्हाही होती.

गड्डा उठल्यावर, पाळणे उतरवून नेल्यावर
राजेश्वरीनं कागद आणला. कोरा करकरीत.
ओंकण्णा, मिठाचा व्यापारी, एका कानानं बहिरा,
कुलपाला आयुष्यात हात न लावलेला.
धर्मशाळेच्या अंगणात मी त्याला उभा केला.
त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि खर्जातल्या आवाजात विचारलं,
माणसं दोन, घोडी तीन कशी?

खाली रस्त्यावर कुणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती.
तौसिफनं आपला कागद जवळ घेतला.
तळाशी पेन्सिलीनं, दोन वर्षांपूर्वीचं,
रुंजीचे देणे: सात नाणी.
खोडायचं राहून गेलेलं, असं आम्हांला वाटायचं.
त्यानं त्यावरून सावकाश बॉलपेन फिरवला.
तिसरी घोडी उधारीची आहे, म्हणाला,
पैसे द्यायचेत अजून.

काय म्हणालास, ओंकण्णानं बहिरा कान पुढं केला.
तौसिफनं परत सांगितलं नाही.

मग राजेश्वरीनं फासा उचलला.
टाकण्याआधी ती नेहमी फुंकर मारायची.
ह्या वेळी तोंडाशी नेला, थांबली,
आणि तसाच टाकला.
फुंकर रुंजीची होती.